घराची गॅलरी बाहेर काढताना : कँटिलिव्हर पायरी-पायरीने

घर बांधायला काढलं की नकाशावर सगळ्यात लवकर मंजूर होणारी गोष्ट म्हणजे गॅलरी. चार फूट ठेवू, पाच करू, कोपऱ्यावरून वळवू. कागदावर रेघ पुढे सरकवायला काही लागत नाही. पण एका बाजूने घराला धरलेला आणि दुसरी बाजू हवेत सोडलेला हा भाग, म्हणजे कँटिलिव्हर, खोलीच्या स्लॅबसारखा वागत नाही. खोलीच्या स्लॅबला तीन-चार बाजूंनी आधार असतो. एक बाजू कमजोर पडली तरी बाकीच्या काही काळ सांभाळून घेतात. गॅलरीला आधार एकच, तो सुटला की दुसरा नाही.

हा लेख स्वतःचं घर बांधणाऱ्या आणि साइटवर जाऊन उभं राहू शकणाऱ्या, पण इंजिनिअर नसलेल्या माणसासाठी आहे. आमच्या घराच्या कामावर उभी राहून, लोखंड बांधणाऱ्या फिटरला आणि इंजिनिअरला विचारून विचारून जे कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. डिझाइन आर.सी.सी., म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या, कन्सल्टंटकडूनच करून घ्यायचं, त्यात तडजोड नको. कागदावर जे लोखंड जिथे दाखवलंय, ते काँक्रीट घट्ट होईपर्यंत तिथेच राहतंय की नाही, हे मात्र घरमालक स्वतः पाहू शकतो. गॅलरीच्या बाबतीत तर पाहायलाच हवं.

आधी हे जमवा

- आर.सी.सी. ड्रॉइंगची छापील प्रत: स्लॅबचं, बीमचं आणि गॅलरीच्या छेदाचं. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही, आकडे वाचता येत नाहीत.
- मंजूर नकाशा. गॅलरी आणि छज्जे सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, किती येऊ शकतात ते त्यावरून आणि आर्किटेक्टकडून आधीच पक्कं करा.
- लोखंडाचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी-दाखला) आणि सिमेंटच्या गोण्यांवर छापलेला, ते तयार झाल्याचा आठवडा-वर्ष.
- मेजर टेप, पाण्याची लेव्हल ट्यूब, खडू, मोबाइल.
- तयार कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळ्यांपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आणि लोखंडी चेअर. चेअर म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे घोडे. ठेकेदाराच्या दरात ते धरलेत का, हे करार करतानाच विचारा. नाही तर स्लॅबच्या दिवशी त्यांच्या जागी विटांचे तुकडे लागतात.

पायरी १ : जोर कुठे येतो ते समजून घ्या

भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर ओलं घोंगडं टाकलं की खुंटी टोकाला झुकते, आणि भिंतीजवळ तिची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. गॅलरीचं तसंच आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण जवळजवळ सोसत नाही. म्हणून जिथे ताण तिथे सळई. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली असते. गॅलरीत ती वर असते, आणि सगळ्यात जास्त ताण घराला चिकटलेल्या मुळाशी येतो.

सगळी गॅलरी या वरच्या सळयांनी घराला धरून ठेवलेली असते. पुढच्या प्रत्येक पायरीत आपण त्यांचीच राखण करणार आहोत.

दुसरी गोष्ट लांबीची. एकसारखं वजन असेल तर मुळाशी येणारा वाकवणारा जोर, ज्याला इंजिनिअर मोमेंट म्हणतात, लांबीच्या वर्गाने वाढतो. लांबी दुप्पट तर मोमेंट चौपट. टोकाचं झुकणं तर लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं: स्लॅबची जाडी तीच ठेवून चार फुटांची गॅलरी पाच फूट केली, तर टोक जवळजवळ अडीचपट झुकेल. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीच्या फळ्या आणि टेकू, ठोकून झाल्यावर "एक फूट वाढवू या" असं घरातलं कुणीही म्हणालं, तर हा आकडा सांगा.

पायरी २ : डिझाइनआधी वजन ठरवा

माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. घरमालक कठडा कशाचा हवा ते शेवटी ठरवतो, आणि डिझाइन मात्र आधी झालेलं असतं.

आकडे बघा. १.२ मीटर, म्हणजे साधारण चार फूट बाहेर आलेली आणि १२५ मिमी जाडीची गॅलरी घेऊ. काँक्रीटचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१० किलो. खालचा मसाला आणि फरशी मिळून ११० किलोच्या आसपास. आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या गॅलरीवर माणसं-सामान यांचा भार ३०० किलो धरतात. खोलीला २०० धरतात, म्हणजे गॅलरीला दीडपट. शिवाय बाहेरच्या कडेवर दर मीटरला १५० किलोचा भार येईल असं धरूनही तपासायचं असतं, कारण मिरवणूक बघायला सगळे कडेलाच उभे राहतात. कडेचा भार बाजूला ठेवला तरी एकूण ७२० किलो. यातून मीटरभर रुंदीच्या पट्टीत मुळाशी मोमेंट येतो सुमारे ५२० किलोग्रॅम-मीटर.

आता टोकावर मीटरभर उंच, साडेचार इंची विटांचा कठडा बांधा. दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह त्याचं वजन दर मीटरला अंदाजे २८० किलो, तेही अगदी कडेवर. त्याचा एकट्याचा मोमेंट ३२० च्या घरात जातो. नुसत्या कठड्याने मुळावरचा जोर साठ टक्क्यांनी वाढला! त्याच जागी मीटरला ३० किलोचं लोखंडी रेलिंग असेल तर ही वाढ ३५ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास राहते.

म्हणून डिझाइनला बसण्याआधी कन्सल्टंटला लेखी सांगा: कठडा विटांचा की रेलिंगचा, कुंड्यांची रांग येणार का, झोपाळा टांगणार का, पुढे गॅलरी ग्रिल-काचेने बंद करून खोलीत घेण्याचा विचार आहे का. पाण्याची टाकी गॅलरीवर किंवा छज्ज्यावर ठेवायचीच नाही. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन.

पायरी ३ : गॅलरीच्या मागे काय आहे ते बघा

बाहेरचा भाग जितका महत्त्वाचा तितकाच त्याच्यामागचा. वरच्या सळया गॅलरीतून निघून घराच्या आत दूरपर्यंत जायला हव्यात, आणि आत त्यांना धरणारा स्लॅब किंवा बीम हवा. नकाशा समोर घ्या आणि प्रत्येक गॅलरीच्या मागे बोट ठेवून बघा.

मागे खोलीचा सलग स्लॅब असेल तर उत्तम. मागे जिना, डक्ट किंवा दुमजली उंचीची मोकळी जागा असेल तर सळई जाणार कुठे? तेव्हा सगळा पीळ कडेच्या बीमवर येतो. तो बीम पिळासाठी वेगळा डिझाइन केलाय का, हे थेट विचारा.

मागे बाथरूम असेल तर आणखी सावध राहा. बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला असतो, त्यामुळे गॅलरीची वरची सळई सरळ आत जाऊच शकत नाही.

याच्या उलट प्रकारही होतो, आणि तो फार घरांत दिसतो. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून गॅलरी खोलीपेक्षा खाली घेतात. दीड-दोन इंच खाली घेतली तर सहसा निभतं. चार-पाच इंच खाली घेतली की गॅलरीतली वरची सळई खोलीच्या स्लॅबमध्ये शिरताना त्याच्या तळाला जाते, आणि तिथे तिची पकड तशी राहत नाही. किती खाली घ्यायची हा आकडा कन्सल्टंटकडून ड्रॉइंगवर लिहून घ्या. गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

कोपऱ्यावरून वळणारी गॅलरी सुंदर दिसते, पण तिचं टोक कर्णात मोजलं तर चार फुटांच्या जागी साडेपाच फुटांहून जास्त बाहेर असतं. त्या कोपऱ्यासाठी ड्रॉइंगमध्ये वेगळं लोखंड दिसलंच पाहिजे.

पाच फुटांच्या पुढे बहुतेक इंजिनिअर नुसता स्लॅब बाहेर न काढता बीम बाहेर काढतात. असा बीम कॉलमपाशी सुरू होऊन बाहेर जात असेल तर तो आतल्या बाजूलाही त्याच रेषेत पुढे गेलेला बरा. नाही तर सगळा जोर एकट्या कॉलमवर येतो.

पायरी ४ : ड्रॉइंगवर पाच गोष्टी खुणा करून ठेवा

छेदाचं चित्र घ्या आणि खडूने किंवा पेनाने गोल करा.

१. मुख्य सळई किती मिमीची, किती अंतरावर, आणि ती वर दाखवली आहे ना. साइटवर सुतात बोलतात: ८ मिमी म्हणजे अडीच सूत, १० म्हणजे तीन, १२ म्हणजे चार, १६ म्हणजे पाच सूत.

२. सळई घराच्या आत किती लांब जाते. रूढ पद्धत अशी की गॅलरी जितकी बाहेर, त्याच्या निदान दीडपट आत. शिवाय काँक्रीटने सळई पकडून धरायला जी किमान लांबी लागते, तीही भरायला हवी. एम-२० काँक्रीट आणि ५०० ग्रेडची सळई (हे दोन्ही आकडे ताकदीचे) असेल तर ती व्यासाच्या सुमारे ५७ पट येते, म्हणजे १० मिमीला ५७० मिमी.

३. मुळाशी जाडी किती, टोकाला किती. आयएस ४५६ या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकात कँटिलिव्हरसाठी लांबी आणि परिणामकारक जाडी (वरच्या सळईच्या मध्यापासून तळापर्यंतची) यांचं मूळ प्रमाण ७ आहे; दोन टोकांवर टेकलेल्या बीमसाठी ते २० आहे. लोखंडाच्या प्रमाणानुसार हा आकडा बदलतो, म्हणून प्रत्यक्षात चार फुटांच्या स्लॅबला मुळाशी पाच-सहा इंच जाडी दिसते. टोकाला ती कमी केलेली चालते.

४. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. कोरड्या, सौम्य हवेत २० मिमी, मध्यम हवेत ३०. समुद्रकाठच्या घरांना ४५ मिमी आणि किमान एम-३० काँक्रीट लागतं. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे घर असेल तर पुण्याच्या मित्राच्या घराचं ड्रॉइंग वापरू नका.

५. बीम असेल तर मुळाजवळच्या रिंगांचं अंतर. तिथे त्या जवळजवळ असतात.

पायरी ५ : सेंट्रिंग

गॅलरीखालचे टेकू स्वतंत्र ठेवायला सांगा, म्हणजे खोलीचं सेंट्रिंग काढताना गॅलरीला धक्का लागणार नाही. टेकू थेट मातीवर उभे करू देऊ नका, खाली फळी हवी. एक जोराची सर आली की भरावाची माती दबते, टेकू खचतो आणि ताजं काँक्रीट मुळाशी चिरतं. टोक किंचित वर उचलून ठेवायला कन्सल्टंटने सांगितलं असेल तर लेव्हल ट्यूब लावून तपासा.

वरच्या मजल्याच्या वेळी मोठा सापळा असतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचे टेकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर उभे राहतात. ओलं काँक्रीट, फळ्या, त्यावर माणसं, हा सगळा भार खालच्या गॅलरीवर येतो, आणि तिच्या डिझाइनमध्ये तो धरलेला नसतो. म्हणून वरचा स्लॅब घट्ट होईपर्यंत खालच्या गॅलरीचे टेकू जमिनीपर्यंत तसेच ठेवायचे, काढले असतील तर पुन्हा लावायचे. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, तो घाई करेलच. टेकूंचं जास्तीचं भाडं देऊन टाका.

पायरी ६ : लोखंड बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आदल्या दिवशी

कन्सल्टंट किंवा त्यांचा माणूस लोखंड तपासायला आला पाहिजे, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. त्यांच्यासोबत तुम्हीही फिरा. सळईचा व्यास, अंतर, आत गेलेली लांबी टेपने मोजा. गॅलरीच्या मुळाजवळ मुख्य सळईला जोड नको. बाहेरच्या टोकाला सळई खाली वळवलेली असावी.

मग वरच्या जाळीवर हाताने दाब द्या. ती खाली जात असेल तर चेअर कमी आहेत. हे का महत्त्वाचं, त्याचा हिशेब सोपा आहे. १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये २० मिमी कव्हर आणि १० मिमीची सळई धरली तर सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत १०० मिमी राहतात. गॅलरीची ताकद या १०० मिमीवर आहे. मजुरांच्या पायाखाली जाळी ४० मिमी दबली तर उरले ६०, आणि ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच. वरून बघून पुढे कुणालाच कळणार नाही.

चेअर मीटरभराच्या आत, दोन्ही दिशांना हव्यात. मुळाच्या रेषेत आणखी जवळ. फोटो काढून ठेवा, टेप लावलेला दिसेल असे. पुढे दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम निघालं तर आत काय आहे हे दाखवणारा तोच पुरावा.

पायरी ७ : स्लॅबचा दिवस

या दिवशी तुम्ही गॅलरीपाशी उभे राहा. चहा-नाश्त्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

मजुरांना ये-जा करायला जाळीवर फळ्या टाकून घ्या, आणि त्या फळ्या चेअरवर टेकलेल्या असू द्या. तरीही जाळी दबेल. एका फिटरला हूक घेऊन दिवसभर तिथेच ठेवा. काँक्रीट पुढे सरकेल तशी त्याने जाळी उचलत राहायची. आमच्याकडे फिटरच्या या जादा हजेरीवरून ठेकेदाराशी वाद झाला, शेवटी ती हजेरी मी दिली. घराच्या खर्चात इतका सार्थकी लागलेला दुसरा पैसा मला आठवत नाही.

गॅलरी आणि खोलीचा स्लॅब एकाच वेळी, सलग भरायचा. "आज खोल्या, उद्या गॅलऱ्या" हे कधीच मान्य करू नका. जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा नेमका मुळाशी, म्हणजे सर्वात जास्त ताणाच्या जागी येतो. मिक्सर बंद पडला किंवा पाऊस आला आणि काम थांबवावंच लागलं, तर सांधा कुठे ठेवायचा हे इंजिनिअरला फोन करून विचारा.

पाण्यावर लक्ष ठेवा. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५० असेल तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी, वाळूतला ओलावा धरून. माल सरकत नाही म्हणून नळी सोडणारा माणूस प्रत्येक साइटवर असतो. मुळापाशी लोखंड दाट असतं, तिथे व्हायब्रेटर नीट फिरवून घ्या.

काँक्रीटचे क्यूब भरून घ्या, १५० मिमीचे, एका नमुन्याचे तीन. त्यांचा २८ दिवसांचा रिपोर्ट फाइलला लावा.

पायरी ८ : पाणी मारणं आणि टेकू काढणं

साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, निदान १० दिवस पाणी, जमल्यास १४. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, गोणीवर वाचा. गॅलरीवर आळी करून पाणी साठवता येतं; कडा मात्र वाळतात, तिथे ओलं गोणपाट टाका.

टेकू कधी काढायचे? आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात असं आहे, तेही साध्या सिमेंटसाठी. ठेकेदार यातला सातचा आकडा ऐकवेल. गॅलरीला तो लावू देऊ नका. २१ ते २८ दिवस ठेवा आणि कन्सल्टंटने लेखी सांगितल्यावरच काढा.

काढण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी बाहेरच्या टोकाचे, मग हळूहळू मुळाकडे. उलट केलं, म्हणजे आतले काढून टोकाचे ठेवले, तर गॅलरी दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबसारखी मधोमध खाली वाकू लागते, आणि तिथे खालच्या बाजूला पुरेसं लोखंडच नसतं. एक टेकू ठोकून उडवण्यापेक्षा सगळे थोडे थोडे सैल करत आणा.

खिडकीवरच्या छज्ज्याला वेगळी अट आहे. लिंटेलमधून, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीतून, निघालेला छज्जा वरच्या भिंतीच्या वजनाने दाबून धरलेला असतो. वरची भिंत बांधून होईपर्यंत त्याचे टेकू काढायचे नाहीत. उलटण्याविरुद्धचा हिशेब आयएस ४५६ मध्ये स्वतंत्रपणे तपासायला सांगितला आहे तो यासाठीच.

पायरी ९ : राहायला गेल्यावर

गॅलरीचा शत्रू पाणी. ताण वरच्या बाजूला, त्यामुळे केसाएवढ्या बारीक भेगाही वरच, मुळाशी. फरशीखाली पाणी मुरलं की ते नेमकं मुख्य सळईपर्यंत पोचतं. म्हणून वॉटरप्रूफिंग भिंतीवर निदान सहा इंच चढवून घ्या, फरशीला बाहेरच्या बाजूला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, निचऱ्याची नळी एकाऐवजी दोन ठेवा, आणि स्लॅबच्या खालच्या कडेला ड्रिप मोल्ड (पाणी तिथेच तोडणारी पट्टी) करून घ्या, म्हणजे पाणी तळावरून भिंतीकडे जाणार नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवू नका. ते वजन कुणी हिशेबात धरलेलं नसतं.

जुन्या घराला नवी गॅलरी जोडून हवी असेल तर भिंतीत भोकं पाडून, केमिकलने सळई बसवून देणारे पुष्कळ भेटतील. नऊ इंच रुंदीच्या बीममध्ये सळईला पकडायला पुरेशी लांबी मिळत नाही आणि मागे तिला ओढून धरणारं काहीच नसतं. खाली दोन कॉलम घ्या किंवा गॅलरीचा बेत सोडा.

आणि हे दर पावसाळ्याआधी बघा: गॅलरीच्या दाराशी, भिंतीला समांतर जाणारी भेग, खालच्या बाजूला तांबूस डाग, फुगलेलं किंवा पोकळ वाजणारं प्लास्टर, रेलिंगची रेषा पूर्वीपेक्षा उतरलेली. भेग भिंतीला समांतर आणि वरच्या बाजूला असेल तर प्लास्टर भरून झाकू नका. गॅलरी रिकामी करा, दार बंद करा, खालून कुणी जाणार नाही अशी आडकाठी लावा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो येईपर्यंत टोकाला टेकू द्यायचा झाला तर नुसता स्पर्शाला लागेल इतकाच द्या. जॅक फिरवून गॅलरी वर उचलायचा प्रयत्न करू नका.